कॅन्सरच्या गाठीपर्यंत उजेड न्यायचा कसा?

पावसात वीज गेली की मोबाईलचा टॉर्च बोटांखाली धरून पाहा. गोव्यात तशी संधी वारंवार मिळते! बोटं लालभडक दिसतात. निळा-हिरवा प्रकाश रक्तातलं हिमोग्लोबिन शोषून घेतं, लाल तेवढा पार होतो. साधारण ६५० ते ९५० नॅनोमीटर तरंगलांबीचा हा पट्टा (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग), म्हणजे लाल आणि त्यापलीकडचा अवरक्त प्रकाश, शरीरात सर्वांत खोल शिरतो. खोल म्हणजे तरी किती, जेमतेम सेंटिमीटरभर.

प्रकाशाने जागं होणारं औषध नवं नाही. फोटोफ्रिनला १९९३ मध्ये कॅनडात मान्यता मिळाली. ते शिरेतून देतात आणि मग गाठीवर लाल लेझर सोडतात. औषध ती ऊर्जा जवळच्या ऑक्सिजनला देतं आणि भडकलेला ऑक्सिजन पेशी मारतो. अडचण अशी, की औषध कातडीतही रेंगाळतं. निदान महिनाभर ऊन टाळायचं. मे महिन्यात काणकोणच्या एखाद्या बाईला हे सांगून बघा! मासळी आणायला बाजारात जायचीही चोरी.

नॅनोकणांची, म्हणजे काही नॅनोमीटरच्या अतिसूक्ष्म कणांची, ओढ इथूनच लागते. बांगडीतलं सोनं पिवळं, पण वीसेक नॅनोमीटरचे त्याचे गोल कण पाण्यात लाल दिसतात. कण लांबुडका केला की तो अवरक्त प्रकाश शोषून तापतो आणि भोवतालच्या पेशी भाजून निघतात. सोनं क्ष-किरणही अडवतं, म्हणून सीटी स्कॅनमध्ये दिसू शकतं. लोहाच्या ऑक्साईडची जोड दिली तर एमआरआयमध्येही. कण गाठीत पोचले का ते आधी पाहायचं, लेझर मग. अमेरिकेत सोन्याचा मुलामा दिलेले सिलिकाचे कण प्रोस्टेट कॅन्सरच्या १६ रुग्णांवर वापरले गेले, त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. तिथे प्रकाश बारीक तंतूंतून थेट ग्रंथीत नेला होता.

गाठ दाखवणं आणि भाजणं अशी अनेक कामं करणाऱ्या कणांना ‘बहुगुणी’ म्हणतात. मला मात्र या विशेषणाची जरा धास्तीच वाटते. प्रत्येक जादा गुणाबरोबर कण बनवणं आणि तो सुरक्षित आहे हे पटवणं अवघड होत जातं. शिवाय पोचतात किती? प्राण्यांवर दहा वर्षांत झालेल्या प्रयोगांचा आढावा २०१६ मध्ये घेतला गेला. टोचलेल्या मात्रेपैकी गाठीत पोचलेल्या हिश्शाचा मध्यांक निघाला ०.७ टक्के. उरलेले बरेचसे कण यकृत आणि प्लीहा अडवतात. सहाएक नॅनोमीटरपेक्षा लहान कण लघवीवाटे जातात. पण तापण्याजोगे सोन्याचे कण बहुधा त्याहून मोठेच असतात.