गोदावरीचं गढूळ पाणी आणि चुकीची गाळणी

पुराच्या दिवसांत नाशिकच्या रामकुंडावरचं पाणी कसं दिसतं माहितीये ना, थेट दुधाचा चहा. माझ्या भाचीने त्याची एक बाटली भरून आणली आणि आधी चहाच्या गाळणीतून, मग ओढणीची चार पदरी घडी करून त्यातून गाळलं, पाणी जसंच्या तसं. "मामा, ओढणी फाटकी आहे का?"

ओढणी चांगली होती, पद्धत चुकली होती. चिकणमातीचा कण 2 मायक्रॉनहून बारीक, त्याला कापडाची वीण म्हणजे हायवे. बरं, नुसतं ठेवून दिलं तरी ते पटकन खाली बसत नाहीत, कारण सगळ्या कणांवर ऋण भार असतो, एकमेकांना ढकलत तरंगत राहतात. मग आईने तुरटीचा खडा पाण्यात चार वेळा फिरवला. तुरटीतलं ॲल्युमिनियम धन भाराचं, त्याने ती ढकलाढकली थांबते, कण एकमेकांना चिकटून गोळे होतात आणि तळाशी जातात. तासाभराने वरचं पाणी अलगद ओतून घेतलं. (निवळलं म्हणजे पिण्यालायक झालं असं नाही हां, जंतू आणि विरघळलेलं बरंच काही तिथेच असतं.)

तर गाळू की उकळू हे नंतर, आधी बघायचं की दोन पदार्थांत फरक कशाचा आहे. द्राक्षाचा ताजा रस फ्रिजमध्ये ठेवला की कधीकधी तळाशी काचेसारखे खडे दिसतात, लोक घाबरून रस फेकून देतात. ते टार्टरिक आम्लाचं पोटॅशियमचं मीठ, थंडीत कमी विरघळतं म्हणून बाहेर येतं. आपल्याकडच्या वायनरीवाल्यांना हे नेहमीचंच, बाटलीत खडे नकोत म्हणून वाइन आधीच शून्य डिग्रीच्या आसपास थंड करायची आणि खडे टाकीतच बसवायचे. इथे फरक विरघळण्याचा.

अल्कोहोल आणि पाणी मात्र थंड करून सुटत नाहीत, तिथे उकळबिंदू बघायचा, 78 आणि 100. ऊर्ध्वपातनाने, म्हणजे उकळून वाफ पुन्हा थंड करत गेलं की, अल्कोहोल वाढत वाढत वजनाने साधारण 95.6 टक्क्यांपर्यंत जातं आणि तिथे गाडी अडते, पुढे दोघं एकाच प्रमाणात एकत्र उकळतात. पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल (म्हणजे हेच अल्कोहोल) तर कोरडं, जवळपास बिनपाण्याचं लागतं. मग डिस्टिलरीत झिओलाइट नावाच्या बारीक छिद्रांच्या खनिजाचे मणी वापरतात, त्यांची भोकं जेमतेम 0.3 नॅनोमीटरची, पाण्याचा रेणू आत शिरून अडकतो, इथेनॉलचा मोठा, तो बाहेरच राहतो. भाचीला हे सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे शेवटी गाळणीच की!"