ट्रॅक्टरचं इंजिन ऑईल आणि जेट विमानाचं ऑईल

नागपूरला मिहानमध्ये विमानदुरुस्ती होते, म्हणून काटोल, उमरेड, हिंगण्याकडची काही पोरं त्या कामाचं शिक्षण घ्यायचं मनावर घेतात. ट्रॅक्टरवर हात बसलेला असतो, ही त्यांची मोठी जमेची बाजू. फक्त ऑईलच्या बाबतीत ट्रॅक्टरवर लागलेल्या सवयी जेट इंजिनापाशी उलट्या पडतात.

सगळा फरक येतो तो ऑईल आगीच्या किती जवळ राहतं यावरून. ट्रॅक्टरमध्ये पिस्टनच्या रिंगांमधून धूर, काजळी आणि थोडं डिझेलही खाली चेंबरमध्ये उतरतं. ऑईलनं ही घाण पोटात घेऊन फिरायचं असतं, त्यासाठीच त्यात साफ करणारी रसायनं घातलेली असतात. म्हणून ते काळं पडतं, आणि पुस्तकात दिलेल्या तासांनी, बऱ्याच ट्रॅक्टरांत २५० तासांनी, बदलावं लागतं. जेट इंजिनात इंधन जळतं वेगळ्या कक्षात. ऑईल फिरतं ते मुख्य शाफ्टच्या बेअरिंगांत आणि गिअरबॉक्समध्ये. काजळीशी त्याची गाठच पडत नाही. त्यामुळे बहुतेक प्रवासी विमानांत ते ठरावीक तासांनी काढून टाकत नाहीत; सीलमधून जेवढं जातं तेवढं वरून भरतात. धडधाकट इंजिनाला ताशी लिटरभरही लागत नाही.

दुसरी सवय बोटांची. मिस्त्री दोन बोटांत ऑईल चोळतो आणि पातळ लागलं की म्हणतो, गेलं. जेटचं ऑईल नवंकोरं असतानाच पातळ असतं. १०० अंश सेल्सिअसला ट्रॅक्टरच्या १५डब्ल्यू-४० ऑईलचा चिकटपणा साडेबारा सेंटिस्टोकच्या (चिकटपणा मोजायचं माप) वर असतो. जेटच्या नेहमीच्या ऑईलचा पाचच्या आसपास. ट्रॅक्टरची क्रँक बेअरिंगच्या गुळगुळीत शेलवर फिरते, तिला तोलून धरायला ऑईलचा जाड थर लागतो. जेटचा वेगवान शाफ्ट गोळ्यांच्या आणि रोलरच्या बेअरिंगांवर बऱ्याचदा मिनिटाला दहा हजारांहून जास्त फेरे घेतो. तिथं जाड ऑईल घुसळून निघेल आणि उगाच तापेल. शिवाय उणे ४० अंशांतही इंजिन चालू व्हायला हवं, म्हणून हे ऑईल उणे ५४ अंशांपर्यंत वाहतं राहील असं बनवतात.

उष्णता मात्र त्याच्या वाट्याला जबर येते. टर्बाईनजवळच्या बेअरिंगपाशी साधं खनिज ऑईल करपून कोळसा होईल. म्हणून इथं एस्टर नावाच्या रसायनांपासून कारखान्यात घडवलेलं ऑईल वापरतात. ते तापलं की त्याची उष्णता कूलरमधून विमानाच्या इंधनात उतरते: ऑईल निवतं, आणि इंधन गरम झाल्यानं त्यातल्या पाण्याचा बर्फ होऊन फिल्टर तुंबत नाही. मला ही योजना फार आवडते.

एक सवय मात्र दोन्हीकडे सारखी कामाची आहे. टर्बो असलेलं हार्वेस्टर वावरातून आल्या आल्या बंद करू नये, थोडा वेळ हळू चालू ठेवावं, असं जाणता ड्रायव्हर सांगतो. जेटही बंद करण्याआधी काही मिनिटं आयडलवर, म्हणजे अगदी कमी वेगावर, ठेवतात. दोन्हीकडे एक कारण सारखं: ऑईलचं फिरणं थांबलं की तापलेल्या बेअरिंगपाशी अडकलेलं ऑईल करपतं.

एकाचं ऑईल दुसऱ्यात घालायचं नाही, थोडंसंही नाही. एस्टरनं काही जातींचं रबर फुगतं, रंग सुटतो. ट्रॅक्टरच्या ऑईलमधली जस्ताची रसायनं आणि खनिज तेल जेटला चालत नाहीत.

आता डब्याबद्दल, कारण आपल्याकडे कोणताही रिकामा डबा वाया जात नाही. जेटच्या ऑईलमध्ये झीज रोखायला बहुधा ट्रायक्रेसिल फॉस्फेट नावाचं रसायन असतं. त्याचा ऑर्थो प्रकार मज्जातंतूंवर घाला घालतो. १९५९ साली मोरोक्कोतल्या मेक्नेस भागात व्यापाऱ्यांनी विमानाचं शिल्लक ऑईल खाण्याच्या तेलात मिसळून विकलं आणि सुमारे १०,००० माणसांच्या हातापायांतली ताकद गेली. आजच्या ऑईलमध्ये तो प्रकार अगदी कमी ठेवतात, तरी हातमोजे घालूनच काम करायचं आणि अंगाला लागलं तर साबणानं धुवायचं. रिकाम्या डब्यात पाणी, गोडं तेल, फवारणीचं औषध काहीच भरायचं नाही. डबा भोसकून टाकायचा, म्हणजे तो कोणाच्या घरी जाणार नाही.