बेस दुरुस्तीला आणताना तारा उतरवू नका

सोलापुरात आमच्याकडे दुरुस्तीला येणारे बरेचसे बेस गिटार तारा काढून येतात. बार्शी, अक्कलकोट, पंढरपूरहून एसटीने येणारे तर हमखास. प्रवासात मानेवर ताण नको, हा त्यामागचा विचार. वाद्याची काळजी असते म्हणूनच कुणी असं करतं, हे आम्हाला कळतं. पण त्यात आमचा एक दिवस जातो आणि तुमची एक खेप वाढते.

तारेची वाजती लांबी ३४ इंच असलेल्या, चार तारांच्या बेसवर नेहमीचा ४५ ते १०५ चा सेट (हे आकडे तारांच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागात) सुरात असला की मानेवर सगळ्या तारांची मिळून सुमारे ७५ ते ८० किलोची ओढ असते. या ओढीने मान पुढे वाकते. तिला मागे धरून ठेवायला मानेच्या आत एक लोखंडी सळई असते, तीच ट्रस रॉड. दोन्हीकडची ओढ जुळली की मान हवी तशी राहते. तारा काढल्या की सळई एकटीच ओढत राहते आणि मान मागे झुकते. अशा मानेवर मोजमाप घेऊन उपयोग नसतो. आम्हाला तारा पुन्हा चढवून, सुरात आणून बेस रात्रभर ठेवावा लागतो. लाकूड बसलं की मग कामाला हात.

दुसरी अडचण अशी की तारांबरोबर तुमची तक्रारही निघून जाते. पाचव्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या पाचव्या आडव्या धातूच्या पट्टीवर, जाड तार खरखरते, असं तुम्ही सांगता; आम्ही वेगळ्या जाडीच्या तारा घातल्या तर ती खरखर गायब होते किंवा भलतीकडेच येते. शिवाय तारा कापून काढल्या असतील तर त्या खुंटीवर पुन्हा नीट गुंडाळता येत नाहीत, नवा सेटच घ्यावा लागतो. सेट आम्हीच विकतो, तरी महिन्याभरापूर्वी घातलेल्या तारा तुम्हाला टाकून द्यायला लावणं आम्हाला पटत नाही. व्हायोलिनच्या आकाराचा बेस असेल तर आणखी जपा. त्याचा ब्रिज, म्हणजे बॉडीवर तारा ज्यावर टेकतात तो भाग, स्क्रूने बसवलेला नसतो, तारांच्या दाबानेच जागेवर राहतो. तारा काढल्या की तो सुटून हातात येतो आणि त्याची जागा पुन्हा शोधावी लागते.

तेव्हा तारा जशा आहेत तशाच राहू द्या. गंजलेल्या असल्या तरी चालतील. फार धास्ती वाटत असेल तर एक-दोन सूर खाली उतरवा, तेवढं पुरे. तारा आणि फ्रेट यांच्यामध्ये मऊ फडकं घाला आणि बॅग नसेल तर बेस चादरीत गुंडाळा. सोलापुरात चादरीची उणीव कुणाच्याच घरी नसते, आणि जाड विणीची चादर पातळ बॅगेपेक्षा धक्के चांगले झेलते.

आणण्याआधी घरी एक तपासणी करून बघा. जाड तार पहिल्या फ्रेटवर दाबा आणि त्याच वेळी मान जिथे बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवरही दाबा. आता सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली किती फट आहे ते बघा. साधारण ०.३ मिमी, म्हणजे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट असली तर मान ठीक आहे. तरीही तारा उंच वाटत असतील तर काम ब्रिजवरच्या सॅडलचं, म्हणजे प्रत्येक तार जिच्यावर टेकते त्या छोट्या घोडीचं आहे, ट्रस रॉडचं नाही. तारांची उंची कमी करायला ट्रस रॉड आवळत सुटणं हे आम्ही वारंवार पाहतो. ट्रस रॉड आवळायचा नट झिजला किंवा सळई तुटली तर दुरुस्ती फार महागात जाते. हात लावायचाच असेल तर एका वेळी पाव फेरा, आणि जोर लागतोय असं वाटलं की थांबा.

आवाजच येत नसेल आणि बेस अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेला असेल, तर आधी मागच्या कप्प्यातली ९ व्होल्टची बॅटरी बदला. केबल जॅकमध्ये लावलेली असली की बेस वाजवा न वाजवा, बॅटरी संपत राहते. नुसती बॅटरी बदलायला कुणी तालुक्याहून यावं लागू नये, म्हणून हे लिहितो.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर गेला की फ्रेटची टोकं हाताला टोचतात, ही इथली नेहमीची तक्रार. कोरड्या हवेत लाकूड आकसतं, फ्रेटची धातूची पट्टी आकसत नाही, म्हणून टोकं बाहेर येतात. ती आम्ही कानशीने घासून गोल करून देतो. पण ते काम मेअखेरीस करावं, म्हणजे आकसायचं तेवढं आकसून झालेलं असतं आणि दरवर्षी घासावं लागत नाही. बंद गाडीत बेस ठेवू नका, इथल्या उन्हात डिंकाचे सांधेही ढिले पडतात.

घरीच बेस बांधणारी तरुण मुलं आता वाढली आहेत, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. त्यांना एकच सांगणं: ब्रिजची भोकं सर्वांत शेवटी पाडा. आधी मान घट्ट बसवा. ३४ इंची बेसला नटपासून (मानेच्या वरच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी, आवळायचा नट नव्हे) बाराव्या फ्रेटपर्यंत १७ इंच आणि तिथून सॅडलपर्यंत पुन्हा १७ इंच. जाड तारेचं सॅडल थोडं मागे जाईल एवढी जागा सोडा. कडेच्या दोन तारांच्या जागी दोरा ताणून तो मानेच्या दोन्ही कडांपासून सारखा आहे का ते बघा, मगच ड्रिल हातात घ्या. जुन्या वाड्याच्या दारांचं सागवान बॉडीला वापरायचं असेल तर आधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधा. सागवान तेलकट असतं, म्हणून डिंक लावण्याआधी ते थिनरने पुसून घ्या. वजनाचाही विचार करा, दोन तास खांद्यावर घ्यायचंय. भोकं पाडण्याआधी काम इकडे घेऊन आलात तर जागा तपासून देतो, त्याचे पैसे घेत नाही.

सेटअपला, म्हणजे मान, तारांची उंची आणि सूर जुळवून द्यायला, दोन दिवस का लागतात, असं बरेच जण विचारतात. पहिल्या दिवशी मान जुळवतो, रात्रभर ठेवतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजून सॅडल आणि सूर बसवतो. तासाभरात करून दिलेला बेस घरी पोचेपर्यंत पुन्हा बदललेला असतो, म्हणून तसं काम आम्ही घेत नाही. महिन्याभरात काही हललं तर पुन्हा बघून देतो, तेही सेटअपच्या पैशातच. १४ एप्रिल आणि गणपतीच्या आधीच्या आठवड्यात टेबलावर जागा नसते. गणपतीत वाजवायचं असेल तर आषाढातच आणा, तारांसकट.