आरोपपत्राबाहेरची कृत्ये आणि ज्यूरी : एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

सिडनीतील जॉन आणि सारा मेकिन हे दांपत्य पैसे घेऊन अनौरस तान्ही मुले सांभाळायला घेत असे. १८९२ मध्ये त्यांच्या एका घराच्या परसात अर्भकाचे प्रेत सापडले आणि ते पूर्वी जिथे राहिले होते तिथली परसे खणल्यावर आणखी प्रेते निघत गेली. मात्र ज्या खटल्यात ते दोषी ठरले, तो एकाच बाळाच्या खुनाचा होता. बाकीच्या प्रेतांचा पुरावा ज्यूरीपुढे ठेवणे योग्य होते का, हा प्रश्न लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे ब्रिटिश वसाहतींच्या अंतिम अपील न्यायालयापर्यंत, गेला. तेथे लॉर्ड हर्शेल यांनी घालून दिलेला नियम असा : आरोपी मुळात असल्याच वृत्तीचा आहे, तेव्हा हेही त्यानेच केले असणार, एवढेच सुचवण्यासाठी इतर गुन्ह्यांचा पुरावा देता येत नाही, पण मृत्यू अपघाती की हेतुपुरस्सर, अशा वादग्रस्त मुद्द्यावर त्यातून प्रकाश पडत असेल तर देता येतो.

असा पुरावा केव्हा ग्राह्य धरावा हे या नियमाने ठरवले. तो ग्राह्य ठरल्यावर ज्यूरीने त्याला किती वजन द्यावे, आणि ते दुसरे कृत्य खरोखर घडले याची तिला किती खात्री पटायला हवी, यावर त्यात फारसे काही नव्हते. माझ्या मते खरी अडचण तिथेच होती.

न्यूयॉर्कच्या मोलिनो खटल्यात ती स्पष्ट दिसते. १८९८ च्या नाताळात तेथील एका व्यायाम-क्लबच्या संचालकाला टपालाने एक निनावी भेट आली : चांदीची बाटलीदाणी आणि तीत डोकेदुखीवरच्या औषधाची बाटली. त्यातले औषध त्याने घरमालकिणीला दिले आणि त्यातील सायनाइडच्या विषाने ती दगावली. रोलंड मोलिनोवर आरोप ठेवला तो या एकाच मृत्यूचा. परंतु क्लबशी संबंधित आणखी एक गृहस्थ काही आठवड्यांपूर्वी अशाच टपालातून आलेल्या विषाने मरण पावला होता, आणि त्याविषयीचा भरपूर पुरावा ज्यूरीने ऐकला. १९०१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने याच पुराव्यामुळे शिक्षा रद्द केली. प्रेरक कारण, उद्देश, चूक किंवा अपघात नसणे, समान योजना आणि गुन्हेगाराची ओळख, या पाच कारणांसाठी इतर कृत्यांचा पुरावा चालू शकतो, असे निकालात म्हटले होते. फेरखटल्यात मोलिनो निर्दोष सुटला.

आपल्याकडे हा विचार मेकिन निकालाच्याही आधी कायद्यात आला होता. इंग्रज कायदेतज्ज्ञ स्टीफन यांनी रचलेल्या आणि २०२४ पर्यंत लागू असलेल्या १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम १५ खाली एक उदाहरण होते : विम्यासाठी घर जाळल्याचा आरोप असलेला माणूस यापूर्वीही एकामागून एक विमा उतरवलेल्या घरांत राहिला आणि प्रत्येक घराला आग लागली, ही वस्तुस्थिती प्रस्तुत, म्हणजे खटल्यातील मुद्द्याशी संबंधित, ठरते. १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात मुंबईच्या ज्यूरीपुढे टिळकांचा उद्देश सिद्ध करण्यासाठी सरकार पक्षाने 'केसरी'तले आरोपाबाहेरचे लेखही ठेवले, शिवाय घरझडतीत सापडलेले एक पोस्टकार्डही. त्यावर स्फोटकांविषयीच्या दोन पुस्तकांची नावे होती. स्फोटकांच्या नव्या कायद्यावर टीका करण्यासाठी ती टिपून ठेवली होती, असा टिळकांचा खुलासा होता. ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी त्यांना दोषी ठरवले. आरोपात नसलेल्या मजकुराचा त्या सात जणांवर किती परिणाम झाला, हे निकालावरून कळण्याचा मार्गच नाही.

खात्री किती पटायला हवी, याचे थेट उत्तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये हडलस्टन खटल्यात दिले. चोरीच्या व्हिडिओ कॅसेटी विकणाऱ्या आरोपीने त्याआधी नवेकोरे दूरचित्रवाणी संच प्रत्येकी २८ डॉलरला विकले होते. ते चोरीचे होते याला स्वल्प भावापलीकडे फारसा आधार नव्हता. ते तसे असण्याचीच शक्यता अधिक आहे, असे ज्यूरीला वाजवीपणे वाटू शकत असेल तर पुरावा ग्राह्य, असे न्यायालयाने एकमताने ठरवले. दोनच वर्षांनी डाउलिंग खटल्यात, ज्या कृत्यातून आरोपी निर्दोष सुटला आहे त्याचाही पुरावा याच कसोटीवर मान्य झाला. मूळ आरोप अर्थातच वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. पण एकाच खोलीत बसलेल्या बारा सामान्य नागरिकांनी दोन पुराव्यांना दोन वेगळे गज लावावेत, ही अपेक्षा मला तरी भाबडी वाटते.

ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये, उत्तर आयर्लंडमधून आलेल्या मिचेल खटल्यात, प्रत्येक जुनी घटना सुटी काढून वाजवी संशयापलीकडे सिद्ध करण्याची गरज नाही, सर्व पुरावा एकत्र पाहून प्रवृत्ती दिसते का हे ज्यूरीने ठरवावे, असे म्हटले. मात्र केवळ प्रवृत्तीवरून दोष सिद्ध होत नाही, हे ज्यूरीला सांगणे आवश्यक मानले.

अमेरिकेत आजही राज्यागणिक फरक आहे. एप्रिल २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने मोलिनो निकालाचाच आधार घेऊन हॉलिवूडचा निर्माता हार्वी वाइनस्टीन याची लैंगिक गुन्ह्यांबद्दलची शिक्षा चार विरुद्ध तीन मतांनी रद्द केली, कारण ज्यांच्याबाबत आरोपच ठेवलेला नव्हता अशा स्त्रियांच्या साक्षी ज्यूरीने ऐकल्या होत्या. कॅलिफोर्नियात लैंगिक गुन्ह्यांसाठी प्रवृत्तीचा पुरावा कायद्यानेच खुला असल्याने, त्याच्यावरच्या २०२२ च्या लॉस एंजेलिस खटल्यात तशा साक्षी झाल्या आणि ज्यूरीने त्याला काही आरोपांवर दोषी ठरवले.