येळवस की वेळ अमावस्या: रानात जेवायला जायच्या दिवसाची पार्श्वभूमी

मार्गशीर्ष अमावस्येला, म्हणजे येळवशीला, सकाळी दहानंतर लातुरात चहा प्यायचा म्हटलं तर टपरी शोधत फिरावं लागतं. गंजगोलाईच्या बाजारात शटर बंद, रिक्षा स्टँड रिकामा, क्लासेसना सुट्टी, आणि औसा रोड, बार्शी रोड, नांदेड रोड हे जे गावाबाहेर जाणारे रस्ते आहेत त्यांच्यावर मात्र टू व्हीलर, टमटम, टेंपो, कार यांची रांग, प्रत्येक गाडीत कुणाच्या तरी मांडीवर डबा नाहीतर पायाशी कळशी. दुसऱ्या दिवशी "लातुरात अघोषित संचारबंदी" हे ठरलेलं हेडिंग येतं, खाली भज्जीची, म्हणजे रानातल्या सगळ्या भाज्या आणि दाणे एकत्र शिजवलेल्या भाजीची, रेसिपी, आणि शेवटी एक ओळ की हा सण कर्नाटकातून आलाय. त्या शेवटच्या ओळीसाठी हे लिहितोय, कारण ती अर्धवट आहे आणि तिच्यामुळं नावाचा पण घोळ झालाय.

आला म्हणायला मधे सीमा पाहिजे. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यातच होते. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ ला भारतात सामील झालं तेव्हाही तसेच होते, १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि हे तीन तालुके मराठवाड्याबरोबर मुंबई राज्यात आले, बीदर आणि गुलबर्गा (आताचं कलबुर्गी) म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेले. लातूर जिल्हा तर ऑगस्ट १९८२ चा. सोयरीक, बाजार, बैलांची खरेदी हे सगळं त्या रेषेच्या आरपार चालूच राहिलं. म्हणजे येळवस एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आलेली नाही, ती एका काळ्या रानाच्या पट्ट्याची आहे आणि रेष नंतर त्या पट्ट्यातून गेली. आज लातूर, धाराशिव, अक्कलकोटकडचा भाग, देगलूरकडचा भाग, पलीकडं बीदर आणि कलबुर्गी. पुण्याला जन्मलेल्या माणसाला येळवस म्हटलं तर तो दोनदा विचारतो काय म्हणालात म्हणून.

आता नाव. तीन प्रकारे लिहितात. सुट्टीच्या पत्रकात "वेळ अमावस्या", काही कॅलेंडरवर "दर्शवेळा अमावस्या", आणि घराघरात "येळवस". वेळ लिहिणारे असं सांगतात की पेरण्या उरकलेल्या असतात, काढणीला अवकाश असतो, शेतकऱ्याला जरा वेळ असतो म्हणून वेळ अमावस्या. ऐकायला बरं वाटतं, पण ते मागाहून चिकटवलेलं आहे असं माझं स्पष्ट मत आहे. आमच्या बोलीत शब्दाच्या सुरुवातीचा "वे" सर्रास "ये" होतो, वेळ झाला चं येळ झाला, वेशीत चं येशीत. त्यामुळं शाळा शिकलेल्या माणसाच्या कानावर "येळ" पडलं की त्याला ते अशुद्ध वाटतं आणि तो ते शुद्ध करून लिहितो. इथं शुद्ध करण्यासारखं काही नव्हतंच, कारण हा येळ मराठी वेळेचा नाहीच. "दर्शवेळा अमावस्या" मधे तर आणखी एक गंमत नाही तर गोंधळ आहे, दर्श म्हणजेच अमावस्या, तीच गोष्ट दोनदा लिहिलेली.

कन्नडमधे याच तिथीला एळ्ळ अमावास्ये म्हणतात. एळ्ळु म्हणजे तीळ. आणि एळु, एका ळ चा, म्हणजे सात. दोन्ही शब्द मराठी तोंडात गेले की "येळ" च होतात, आणि इथूनच दोन पक्ष पडतात. सात वाले म्हणतात की ही सातवी अमावस्या. चैत्रापासून मोजलं तर नववी येते, पण ज्येष्ठापासून, म्हणजे मृगापासून, पेरणीच्या दिवसांपासून मोजलं तर ज्येष्ठ, आषाढ, श्रावण, भाद्रपद, आश्विन, कार्तिक, मार्गशीर्ष, बरोब्बर सात. शेतकऱ्याचं वर्ष तिथूनच सुरू होतं त्यामुळं हा हिशोब मनाला पटतो, मी पण बरीच वर्षं हाच सांगायचो. पण अधिक महिना आला की तो मोडतो. २०२३ ला अधिक श्रावण होता, त्या वर्षी मोजली तर आठवी येते, तरी नाव येळवसच राहतं. तिळाला असली काही अडचण नाही. त्या दिवशी तिकडं तिळाला मान आहे, आमच्या ताटात पण तिळाची पोळी असतेच, आणि महिन्याच्या आत संक्रांत येते. म्हणून मी तिळाच्या बाजूनं. ज्याला सात पटतं त्यानं सात म्हणावं, फक्त "वेळ" म्हणून पुढच्या पिढीला शिकवू नये एवढंच वाटतं. येळ आणि अवस, अवस हा अमावस्येला आपला जुना शब्द, मिळून येळवस. सुट्टीच्या पत्रकात हाच शब्द लिहिला तर बिघडतं काय?

भाषेचा हा धागा ताटापर्यंत जातो. आंबील ज्यात भरतात ते बिंदगं, कन्नडमधे बिंदिगे म्हणजे घागर. बाजरीचे उंडे, तिकडं उंडे म्हणजे गोळा, लाडवालाही तेच म्हणतात. जेवणाआधी रानात भज्जी आणि आंबील शिंपडत फिरायचं त्याला इकडं चर शिंपणं म्हणतात, तिकडं चरग चेल्लणं. तोंडानं "ओलगे ओलगे, सालम पोलगे" चालू असतं, प्रत्येक गावाचा उच्चार वेगळा, आणि लहानपणी आम्हाला वाटायचं बाकीच्या गावातले चुकीचं म्हणतात.

रानाचा हिशोब असा. रब्बीची ज्वारी पावसाळ्याच्या शेवटी, सप्टेंबर-ऑक्टोबरला पेरतात, नंतर पाऊस जवळजवळ नाही, जमिनीत मुरलेली ओल आणि थंडी यांच्यावर पीक येतं. मार्गशीर्षाच्या अखेरीला ज्वारी पोटरीत किंवा निसवलेली, हरभरा घाट्यात, तुरीच्या शेंगा भरलेल्या, वाल, वाटाणा, गाजर, मेथी, कांद्याची पात सगळं एकदम. भज्जीत जे जे पडतं ते त्या आठवड्यात बांधावर उभं असलेलंच असतं, बाजारातून फक्त मीठ. आणि कणसात दाणा धरायच्या या टप्प्याला रानाची ओटी भरल्यासारखी पूजा, कडब्याच्या पाच पेंढ्यांची खोप, आत चुन्यात रंगवलेले पाच दगड, तेच पाच पांडव. हा भाग ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको.

आंबील मात्र जवळून सांगतो कारण ती आता घाईत करतात. आज्जी आदल्या दिवशी ज्वारीचं पीठ ताकात भिजवून चुलीजवळ ठेवायची, आंबूस वास सुटला की रात्री आधणात सोडून शिजवायची, गुठळी होऊ नये म्हणून एकजण ओतणार आणि एकजण ढवळणार, तेव्हा घरात कुणी कुणाशी बोलायचं नाही. रात्रभर थंडीत निवली की वर साय धरायची. पहाटे त्यात ताक, ठेचलेला लसूण, जिरं, मीठ, वरून कोथिंबीर. बिंदग्याच्या तोंडाला कापड बांधून चुलते अंगावर घोंगडं घेऊन ते डोक्यावर न्यायचे, रान तीन किलोमीटर, वाटेत खाली टेकवायचं नाही असा नियम होता. रानात पोचेपर्यंत ती अशी गार झालेली असायची की पहिल्या घोटाला दात शिवशिवायचे. बारा वाजता उन्हात बसून भज्जीवर तीन-तीन पेले पिलं की मग ज्वारीच्या सावलीला झोप, तिथंच, ढेकळांवर. मिक्सरमधे दही फिरवून केलेली आंबील पांढरी दिसते, पण तिला तो वास नाही.

जुन्या काळातली येळवस म्हणजे आपलं गाव, आपलं रान. शहरातला सगळा लोंढा बाहेर पडणं हे नंतरचं आहे, आणि माझ्या डोळ्यादेखतचं. ८२ ला जिल्हा झाला, ऑफिसं आली, मग कॉलेजं आणि क्लासेस, खेड्यातली माणसं लातुरात राहायला आली पण रान गावाकडंच राहिलं. त्यामुळं हा दिवस परत जायचा दिवस झाला. आणि ज्यांना रान नाही, भाड्यानं राहणारे, बदलीवर आलेले, त्यांना बोलवायची पद्धत पक्की झाली. "येळवशीला रानात या" हे निमंत्रण आठ दिवस आधीपासून चालू होतं. एका माणसाला पाच ठिकाणची निमंत्रणं, तो पाचही बांधांवर थोडं थोडं खातो, कुठंच नाही म्हणत नाही. जात-धर्म यात कुणी बघत नाही, आमच्या रानात दरवर्षी शेजारचं मुस्लिम कुटुंब असायचं आणि त्यांच्या आईची भज्जीला फोडणी द्यायची ठरलेली जागा होती.

जिल्हा प्रशासन या दिवशी स्थानिक सुट्टी देतं, लातूरला आणि धाराशिवलाही. यावर दर काही वर्षांनी वाद होतो, ज्या दिवशी माणूस ऑफिसात येणारच नाही त्या दिवशी सुट्टी देऊन काय उपयोग, किंवा उलट, हीच सुट्टी दुसऱ्या सणाला का नाही. मला ही सुट्टी योग्यच वाटते, स्थानिक सुट्टीचा अर्थच तो आहे. अडचण वेगळीच आहे, सुट्ट्या इंग्रजी वर्षाच्या आणि अवस पंचांगाची. २३ डिसेंबर २०२२ नंतरची येळवस थेट ११ जानेवारी २०२४ ला आली, म्हणजे २०२३ सालात येळवस नव्हतीच, आणि २०२४ मधे मग दोन झाल्या, दुसरी ३० डिसेंबरला.

सगळ्यात मोठा बदल मात्र रानातच झालाय. नव्वदच्या दशकापासून सोयाबीन पसरत गेलं, लातूरची बाजारपेठ त्याच्या भावासाठी देशात ओळखली जाते. सोयाबीन काढून लोक हरभरा टाकतात, ज्वारी मागं पडली, मजूर मिळत नाही, पाखरं राखायला माणूस नाही. पैसा ज्वारीपेक्षा बरा मिळतो, त्यामुळं शेतकऱ्याला दोष देता येत नाही. पण सोयाबीनला कडबा नाही. आता खोप करायला पाच पेंढ्या शेजाऱ्याकडून आणाव्या लागतात, काही जण उसाच्या वाढ्यावर भागवतात. आंबिलीचं पीठ दुकानातून येतं. एप्रिल २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, त्या हंगामाची येळवस जानेवारीत झाली होती, ज्वारी गुडघ्याएवढीच होती आणि चर शिंपताना पायाखाली भेगा होत्या, तरी माणसं गेली होती.

दुसरीकडं याच हंगामात हुरडा पार्टीचा धंदा उभा राहिला. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० ला आलं, त्याच्या आधीपासूनच नगर-पुण्याच्या रस्त्यांना हुरड्याचे बोर्ड होते, माणशी पैसे, सकाळी नाश्ता, दुपारी जेवण, बैलगाडीची फेरी. त्यातून शेतकऱ्याला चार पैसे मिळतात, ते मिळायलाच पाहिजेत. पण आता लातूरकडंही "वेळ अमावस्या स्पेशल" असं पॅकेज दिसायला लागलंय, शहरात राहणाऱ्या आणि बोलावणं नसलेल्या लोकांसाठी. हे मला मनापासून खटकतं. या दिवशी बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसाला पण हाक मारून बसवतात, पत्रावळ देतात, त्याचं नाव नंतर विचारतात.

संध्याकाळी हेंडगा, म्हणजे टेंभा, पेटवून पिकाभोवती पळायचं, ते अजून काही गावांत आहे. पोरं पुण्याहून ट्रॅव्हल्सनं येतात, रात्री परत निघतात, मोबाईलवर हेंडग्याचा व्हिडिओ आणि सीटखाली उरलेल्या उंड्यांचा डबा. पुढची येळवस ७ जानेवारी २०२७ ला आहे, गुरुवार आहे.