पार्श्वभूमी : घरगुती क्रॅनबेरी सॉस आणि १९५९ चा नोव्हेंबर

अमेरिकेत थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरातील सणाच्या जेवणात टर्कीसोबत वाढला जाणारा क्रॅनबेरी या लहान, लाल, आंबट फळाचा सॉस घरी करणे मुळीच अवघड नाही. ताजी फळे, साखर आणि पाणी एकत्र उकळले की दहा-बारा मिनिटांत फळे फुटतात आणि त्यांच्यातील पेक्टिन व आम्ल यांच्यामुळे मिश्रण थंड होताना आपोआप घट्ट बसते. ते अधिक वेळ उकळत ठेवले, तर पेक्टिनची पकड सैल होते व कडवटपणा वाढतो. कृती इतकी सोपी असूनही बहुसंख्य घरांत हा सॉस डब्यातून का येतो, हे समजून घ्यायचे असेल तर पाकशास्त्रापेक्षा या फळाच्या बाजाराकडे अधिक पाहावे लागते.

सुरुवातीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. हे फळ उत्तर अमेरिकेतील आम्लधर्मी, पाणथळ जमिनीतले असून तेथील मूळ रहिवासी युरोपीय वसाहतींच्या पुष्कळ आधीपासून ते खात होते. ज्या मेजवानीशी या सणाचा उगम जोडला जातो, त्या १६२१ च्या प्लिमथ या इंग्रज वसाहतीतील प्रसिद्ध मेजवानीत हा सॉस होता असे चित्र वारंवार रंगवले जाते. मात्र त्याला समकालीन आधार नाही आणि वसाहतीत तेव्हा साखरही दुर्मीळ होती. साखरेत शिजवलेली ही फळे मांसाबरोबर खाल्ली जात असल्याची नोंद १६७२ मध्ये छापलेल्या एका इंग्रज प्रवाशाच्या ग्रंथात आढळते, तर टर्कीसोबत क्रॅनबेरी सॉस वाढावा ही सूचना १७९६ च्या एका अमेरिकी पाकपुस्तकात येते. पद्धतशीर लागवडीचा आरंभ १८१६ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स राज्यातील केप कॉड या द्वीपकल्पावरील डेनिस गावी झाला. वाऱ्याने वाहून आलेली वाळू पसरलेल्या जागी वेली अधिक जोमाने वाढतात, हे तेथील एका शेतकऱ्याच्या लक्षात आले होते.

ताज्या फळांचा हंगाम शरद ऋतूतील काही आठवड्यांपुरता असतो. ही मर्यादा ओलांडण्यासाठी आणि डागाळलेली, म्हणून ताजी विकता न येणारी फळे वाया जाऊ नयेत यासाठी, वकिली सोडून शेतीत उतरलेल्या मॅसॅच्युसेट्समधील एका बागायतदाराने १९१२ मध्ये हॅन्सन येथे डबाबंद सॉसचे उत्पादन सुरू केले. १९३० मध्ये त्याचा व्यवसाय आणि त्याचे प्रतिस्पर्धी यांच्या विलीनीकरणातून उत्पादकांची सहकारी संस्था उभी राहिली. डब्याच्या आकारात जसाच्या तसा ताटलीत उतरणारा गाळीव, जेलीसारखा सॉस १९४१ पासून देशभर मिळू लागला. तरीही ताज्या फळांची बाजारपेठ टिकून होती आणि सॉस घरी करणे हा सणाच्या तयारीचा सर्वसाधारण भाग होता.

या व्यवहाराला खरा धक्का बसला तो ९ नोव्हेंबर १९५९ रोजी, म्हणजे सणाला अवघे सतरा दिवस उरले असताना. त्या दिवशी केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याच्या मंत्र्यांनी पत्रकार परिषदेत जाहीर केले की, वॉशिंग्टन व ऑरेगन या राज्यांतील काही फळांत अमिनोट्रायझोल या तणनाशकाचा अंश सापडला आहे आणि प्रयोगांत या रसायनामुळे उंदरांच्या थायरॉइड ग्रंथीत गाठी झाल्या आहेत. हे रसायन फळे तोडून झाल्यानंतरच वापरण्यास परवानगी होती, पण काही बागांत ते आधीच फवारले गेले होते. फळावर त्याचे कोणतेही प्रमाण कायद्याने मान्य नव्हते. शिवाय प्राण्यांत कर्करोग निर्माण करणारा पदार्थ अन्नात कितीही अल्प प्रमाणात मिसळण्यास मनाई करणारे कलम आदल्याच वर्षी, १९५८ मध्ये, संमत झाले होते.

येथवर मंत्र्यांची बाजू भक्कम होती, असेच म्हणावे लागेल. नियम मोडला गेला होता आणि तो सणाकडे पाहून सोडून देणे योग्य ठरले नसते. वाद निर्माण झाला तो पुढच्या उत्तरामुळे. फळे कोठून आली हे ठाऊक नसेल तर गृहिणीने काय करावे, असे विचारले असता मंत्र्यांनी जे उत्तर दिले त्याचा, खबरदारी म्हणून ती विकत घेऊ नयेत, असा अर्थ निघाला. दुकानातल्या पिशवीवरून वा डब्यावरून बागेचा माग काढण्याची सोय ग्राहकाजवळ नव्हतीच, त्यामुळे दोन राज्यांतील मर्यादित साठ्यांविषयीचा इशारा प्रत्यक्षात संपूर्ण पिकावर जाऊन आदळला. तपासणीची जबाबदारी सरकारची असताना निर्णयाचा भार स्वयंपाकघरावर टाकला गेला, आणि ज्यांनी ते रसायन कधी हाताळलेही नव्हते अशा बागायतदारांना त्याची किंमत मोजावी लागली, हा आक्षेप आजही रास्त वाटतो.

फळांच्या साठ्यांची घाईने तपासणी करून निर्दोष मालावर तशी चिठ्ठी लावण्यात आली. तत्कालीन उपाध्यक्षांनी विस्कॉन्सिनमध्ये जाहीरपणे सॉस खाल्ला आणि अध्यक्षपदासाठी इच्छुक असलेल्या एका सिनेटरने रस प्यायला, तरी विक्री कोसळायची ती कोसळलीच. पुढे सरकारने उत्पादकांना एक कोटी डॉलरपर्यंतची भरपाई देऊ केली. कीटकनाशकांचे अंश १९५८ च्या त्या कलमातून वगळले गेले ते थेट १९९६ मध्ये.

घरगुती सॉसवर याचा परिणाम आडवळणाने झाला. वर्षातील एकाच सणावर विसंबणे किती धोक्याचे आहे हे उत्पादकांना कळून चुकले आणि त्यांनी वर्षभर खपणाऱ्या रसाकडे मोर्चा वळवला. रसासाठी फळ अखंड असण्याची गरज नसते, म्हणून १९६० च्या दशकापासून बागेत पाणी सोडून, फळे वेलीवरून झोडपून सुटी करून, आतील हवेच्या पोकळ्यांमुळे वर तरंगणारी रास गोळा करण्याची पद्धत सर्वत्र पसरली. अशी भिजलेली फळे टिकत नसल्याने ती प्रक्रियेसाठी जातात. ताज्या विक्रीसाठी फळे प्रामुख्याने कोरड्या वेलीवरूनच तोडली जातात आणि त्यांचा एकूण पिकातील वाटा आता फारच अल्प आहे.

ताज्या फळांची पिशवीही एक पौंडावरून बारा औंसांवर, म्हणजे सुमारे ३४० ग्रॅमवर आली आहे. त्यामुळे जुन्या वहीतील ‘एक पिशवी, दोन कप साखर, दोन कप पाणी’ हे प्रमाण आज जसेच्या तसे घेतले, तर सॉस पातळ आणि अतिगोड होतो. आता साखर व पाणी प्रत्येकी एक कपच घ्यावे. अमेरिकेतील मराठी घरांत याच फळांना मोहरी, मेथी व हिंग लावून आंबटतिखट लोणचेही घातले जाते. ताजी फळे दुकानांत सर्वसाधारणपणे डिसेंबरअखेरपर्यंतच मिळतात, पण ती न धुता पिशवीसकट गोठवून ठेवली तर अनेक महिने टिकतात आणि सॉससाठी गोठलेलीच थेट पातेल्यात टाकता येतात.