सीबार की सीबीम: ऑफसेट नेमका कुठपर्यंत मोजायचा

नॅस्ट्रन या फायनाइट एलिमेंट सॉफ्टवेअरमध्ये बीमसाठी सीबार आणि सीबीम असे दोन एलिमेंट आहेत. मॉडेलमध्ये सीबार काढून सीबीम टाकला की उत्तर आपोआप जास्त अचूक येतं, हा समज हिंजवडीपासून चाकणपर्यंत घट्ट रुजलेला आहे. हायपरमेश या मॉडेल बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये एलिमेंटचा प्रकार बदलायला दोन क्लिक लागतात, म्हणून तो बदललाही जातो. पण बदल नेमका कशात झाला हे कुणी बघत नाही, आणि रिव्ह्यूच्या वेळी चॅनेल सेक्शन (सी आकाराचा काटछेद) उलट्या दिशेला पिळलेला दिसतो. हे इतक्या वेळा पाहिलंय की आता सविस्तर लिहायलाच हवं.

सीबार तुम्हाला माहीत आहे असं धरतो. टोकांना दोन नोड (बिंदू), मधे सारखाच सेक्शन, सेक्शन कसा फिरवून ठेवायचा ते सांगणारा एक ओरिएंटेशन व्हेक्टर, टोकांचा जोड मोकळा करायला हवे तर पिन फ्लॅग. यातलं बहुतेक सगळं सीबीममध्येही तसंच आहे. त्याशिवाय सीबीमचा सेक्शन निमुळता होऊ शकतो, मधे नऊपर्यंत स्टेशनं (सेक्शन सांगायच्या जागा) देता येतात आणि वार्पिंगही (पिळताना सेक्शनचं सपाट न राहणं) धरता येतं. या गोष्टी मॅन्युअल वाचून पाच मिनिटांत कळतात आणि त्यांवरून फारसं कुणी चुकत नाही.

खरा घोळ सेक्शनच्या दोन बिंदूंचा आहे. ओढबळ सेंट्रॉइडमधून गेलं तर सेक्शन वाकत नाही. आडवं बळ शिअर सेंटरमधून गेलं तर तो पिळत नाही. सीबार हे दोन्ही बिंदू एकाच रेषेवर आहेत असं गृहीत धरतो, दुसरी रेषा सांगायला त्यात जागाच नाही. सीबीममध्ये मात्र एलिमेंटची रेषा म्हणजे शिअर सेंटरची रेषा, आणि सेंट्रॉइडमधून जाणारा न्यूट्रल अ‍ॅक्सिस तिथून किती दूर आहे ते पीबीम या सीबीमच्या प्रॉपर्टी कार्डाच्या एन१ आणि एन२ या रकान्यांत वेगळं सांगायचं. म्हणजे ऑफसेट (नोडपासून एलिमेंटची रेषा किती सरकवायची ते अंतर) कुठपर्यंत मोजायचा, याचं उत्तरच दोन्ही एलिमेंटांत वेगळं आहे.

बसच्या सांगाड्यावर काम करणाऱ्यांना हे कधी जाणवत नाही, कारण तिथल्या चौकोनी पोकळ नळीत दोन्ही बिंदू एकाच ठिकाणी असतात. ट्रकच्या चॅसीवर आलात की चॅनेल येतो आणि सगळं बदलतं. भोसरीच्या एखाद्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये चॅनेलचा मीटरभर तुकडा एका टोकाला पक्का धरून दुसऱ्या टोकाच्या फ्लँजवर (आडव्या पट्टीवर) दाब द्या. तो नुसता खाली जात नाही, वळतोही. त्याचं शिअर सेंटर वेबच्या (उभ्या पट्टीच्या) पलीकडे, फ्लँजच्या विरुद्ध बाजूला, हवेत असतं.

आकडे घेऊ. मध्यरेषेवर मोजलेली वेबची उंची २०० मिमी, फ्लँज ७० मिमी, जाडी सगळीकडे ७ मिमी. सेंट्रॉइड वेबच्या मध्यरेषेपासून फ्लँजच्या बाजूला १४.४ मिमी. शिअर सेंटरसाठी फ्लँजच्या वर्गाची तिप्पट घ्या आणि तिला वेबची उंची अधिक फ्लँजची सहापट यांनी भागा, उत्तर २३.७ मिमी, पण विरुद्ध बाजूला. दोघांत ३८.१ मिमीचं अंतर. सीबारला हे अंतर दिसतच नाही.

आता नोड वेबच्या मध्यरेषेवर आहेत असं धरा, ब्रॅकेट तिथेच बोल्ट होतात म्हणून बहुतेक जण तसंच करतात. सीबारला सेंट्रॉइडपर्यंतचा १४.४ मिमी ऑफसेट दिला, एक मीटरचा कँटिलिव्हर (एकाच टोकाला पक्का धरलेला बीम) केला आणि टोकाच्या नोडवर १० किलोन्यूटन खाली लावले. एलिमेंटच्या मते बळ शिअर सेंटरपासून १४.४ मिमी वेबकडच्या बाजूला आहे, म्हणून तो १४४ न्यूटन-मीटरचा पीळ घेतो आणि सुमारे २.७ अंश वळतो. खऱ्या चॅनेलवर पीळ २३७ न्यूटन-मीटरचा आहे, वार्पिंग मोकळं धरलं तर वळण सुमारे ४.४ अंश, आणि तेही उलट्या दिशेने. खालचं वाकणं मात्र बरोबर येतं, म्हणून ही चूक लपून राहते. डिस्प्लेसमेंटचा नुसता आकडा बघून मॉडेल पास करण्याची सवय मला म्हणूनच अजिबात पटत नाही. पिळाची दिशा बघितलीच पाहिजे.

मग कुणीतरी सीबीम टाकतं, आणि इथून पुढे चुकायच्या दोन वाटा आहेत. पहिली अशी की पीबीममध्ये जुनेच क्षेत्रफळ आणि आय१, आय२ (सेक्शनच्या वाकण्याच्या विरोधाचे आकडे) भरायचे आणि एन१, एन२ रिकामे सोडायचे. रिकामं म्हणजे शून्य, आणि शून्य म्हणजे दोन्ही रेषा पुन्हा एकच. नाव सीबीम, वागणूक सीबारची. दुसरी वाट जास्त घातक आहे. पीबीमएल या तयार आकारांच्या कार्डामधून चॅनेल निवडला की नॅस्ट्रन एन१, एन२ स्वतः काढतो, ते उत्तमच. पण जुना १४.४ मिमीचा ऑफसेट तसाच राहिला, तर आता तिथे शिअर सेंटर येऊन बसतं. सेंट्रॉइड सरकून वेबच्या खऱ्या जागेपासून ५२.५ मिमीवर जातं, म्हणजे अख्खा चॅनेल ३८.१ मिमी बाजूला हलला. पिळाची दिशा उलटीच राहते आणि ओढबळातून येणारा वाकणारा मोमेंट साडेतीन पटींहून जास्त होतो.

बरोबर मांडणी अशी: ऑफसेट शिअर सेंटरपर्यंत, म्हणजे २३.७ मिमी फ्लँजच्या विरुद्ध दिशेला. तिथून न्यूट्रल अ‍ॅक्सिस ३८.१ मिमी परत फ्लँजच्या बाजूला. ओरिएंटेशन व्हेक्टर उभा असेल तर हा आकडा एन२ मध्ये जातो, एन१ मध्ये नाही. एलिमेंटचा झेड अक्ष फ्लँजकडे असेल तर अधिक, नाहीतर उणे. ऑफसेटचे घटक मात्र नेहमीच्या सेटिंगमध्ये नोडच्या डिस्प्लेसमेंट कोऑर्डिनेट सिस्टिममध्ये वाचले जातात, एलिमेंटच्या नाही. दोन्हींचे अक्ष वेगळे असू शकतात हे विसरून चालत नाही.

यातूनच एडिटिंगची नेहमीची चूक होते. चॅसीचा डावा लाँग मेंबर (लांबीभरचा चॅनेल) नीट झाला, मग तो रिफ्लेक्ट करून उजवा केला आणि प्रॉपर्टी तीच ठेवली. ट्रकमध्ये सहसा दोन्ही बाजूंचे फ्लँज आत तोंड करून असतात. नोडचा क्रम आणि उभा व्हेक्टर तेच राहिले तर एलिमेंटचा झेड पलटत नाही, आणि उजवा चॅनेल बाहेर तोंड करून बसतो. मी अशा वेळी व्हेक्टर खाली वळवतो. झेडही त्यासोबत वळतो आणि एकच प्रॉपर्टी दोन्हीकडे चालते. नोडचा क्रम उलटूनही हे होतं, पण मग ए टोक आणि बी टोक पुढेमागे होतात आणि पिन फ्लॅग तपासत बसावं लागतं. ऑफसेट दोन्ही पद्धतींत वेगळा तपासायचाच.

पीबारएल या सीबारच्या कार्डात तयार चॅनेल मिळतो म्हणून सीबारलाच चिकटून राहणारेही आहेत. त्या कार्डाच्या टिपणीत नॅस्ट्रनच सांगतो की न्यूट्रल अ‍ॅक्सिस आणि शिअर सेंटरमधलं अंतर इथे धरलं जात नाही, चॅनेलची उत्तरं चुकू शकतात, पीबीमएल वापरा. इतकं स्पष्ट लिहिलेलं असताना वाद कशाला, हे मला खरंच कळत नाही. नळीसाठी सीबार, चॅनेलसाठी सीबीम, आणि घडीव आकार असेल तर हायपरमेशच्या हायपरबीममधून सेंट्रॉइड आणि शिअर सेंटर दोन्हींचे आकडे काढून हाताने पीबीम.

प्रकार बदलल्यावर उत्तर थोडं हललं की लोक शिअर सेंटरला श्रेय देतात, पण कधीकधी कारण साधं असतं. पीबार या सीबारच्या साध्या कार्डात के१, के२ (शिअरचे गुणांक) रिकामे असतील तर शिअरची लवचिकता धरलीच जात नाही. पीबीममध्ये रिकामे म्हणजे १.०, म्हणजे ती धरली जाते. तुलना करायची असेल तर दोन्हीकडे सारखं भरा. ताण काढायचे बिंदूही सीबीममध्ये शिअर सेंटरपासून मोजतात, सीबारचे जुने आकडे तिथे चिकटवले तर ताण भलत्याच जागेचा येतो.

अ‍ॅन्सिस या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून आलेल्यांसाठी एक गोष्ट वेगळी. तिथल्या बीम१८८ या एलिमेंटमध्ये सेकऑफसेट या कमांडला काही सांगितलं नाही तर नोड सेंट्रॉइडवर असतो, शिअर सेंटर हवं असेल तर ते वेगळं सांगावं लागतं. तिथली सवय घेऊन सीबीमवर आलात तर ऑफसेट सेंट्रॉइडपर्यंतच द्याल, आणि वरची ५२.५ मिमीची चूक जशीच्या तशी होईल.